सात लाख, वन बीएचके आणि एक ओली भिंत: सुरुवात कुठून करायची?

एका ताईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत १९८८ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर साधारण ५२० चौरस फुटांचा वन बीएचके. राहणारी माणसं पाच: सासू-सासरे बेडरूममध्ये, नवरा-बायको आणि नववीत जाणारी मुलगी हॉलमध्ये. हातात सात लाख. पाडव्यानंतर काम काढायचं आणि गणपतीला घर नवं दिसायला हवं. हवं असलेलं सामान: हॉलला फॉल्स सीलिंग, मोठं टीव्ही युनिट, मॉड्युलर किचन आणि जुन्या मोझेकवर चकचकीत टाइल्स. जाता जाता लिहिलेली एक ओळ अशी, की हॉलची बाल्कनीकडची भिंत दर पावसाळ्यात ओली होते, तिथे "काहीतरी टेक्स्चर किंवा पॅनेलिंग करून घेऊ".

ताई, ठाणे-कल्याण पट्ट्यात मी गेली चोवीस वर्षं घरांचीच कामं करते आहे, त्यातली बरीचशी अशीच तीस-पस्तीस वर्षं जुनी घरं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती शेवटची आहे. तिच्याकडे येते, पण त्याआधी एक प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच विचारा.

तुमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का? इमारत पस्तिशीच्या पुढे आहे. आपल्याकडच्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागून वाचा, तुम्ही सभासद आहात. त्यात बीम-कॉलमच्या दुरुस्त्या सांगितलेल्या असतील तर त्या आधी होऊ द्या, नाहीतर तुमचं नवं रंगकाम फोडूनच जॅकेटिंग (कॉलम-बीमभोवती नव्या काँक्रीटचं वेष्टण) करावं लागेल. आणि चार-पाच वर्षांत इमारत पाडण्याचं घाटत असेल, तर माझं उत्तरच बदलतं. मग भिंतीला ठोकलेल्या कशावरही पैसा घालायचा नाही. पाणी गळणं थांबवायचं, वायरिंग सुरक्षित करायचं, रंग द्यायचा आणि बाकी सगळं फर्निचर उचलून नेता येईल असं घ्यायचं. जाताना सोबत काही नेता येत नाही म्हणून रडणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. पुढचं सगळं मी तसं काही ठरलेलं नाही असं धरून लिहिते आहे.

आता भिंत. माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट आहे. एका घरात अशाच ओल्या भिंतीवर मी छान टेक्स्चर करून दिलं होतं. एप्रिलमध्ये भिंत कोरडी खडखडीत दिसत होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्या काकूंचा फोन आला. जाऊन बघते तर टेक्स्चरचा पापुद्रा हातभर सुटून पुढे आलेला, मागे क्षारांची पांढरी पूड आणि खाली ठेवलेल्या सोफ्याची पाठ काळी पडलेली. ते काम मी माझ्या खर्चाने पुन्हा केलं. तेव्हापासून ओलीचं मूळ सापडल्याशिवाय मी त्या भिंतीला ब्रश लावू देत नाही.

मूळ शोधणं अवघड नाही, फक्त घाई करायची नाही. ओल बारा महिने असते की फक्त पावसात? बारा महिने असेल तर पाइप किंवा बाथरूम. फक्त पावसात असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची सिल (चौकटीखालची पट्टी) किंवा वरच्या बाल्कनीची फरशी. तुमची भिंत बाल्कनीकडची आहे आणि त्रास पावसातलाच आहे, तेव्हा मला बाहेरचा संशय जास्त. ती भिंत पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर संशय आणखी वाढतो, कारण आपल्याकडचा पाऊस तिकडूनच आडवा मारतो. डाग कुठून सुरू होतो ते बघा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून उतरत असेल तर सिलला ढाळ आतल्या बाजूला आहे किंवा चौकटीभोवतीची दरज उघडी आहे. वरच्या स्लॅबच्या कडेपासून येत असेल तर वरच्यांच्या बाल्कनीत पाणी मुरतंय. वरच्यांशी वाद होणार असेल तर एक साधा उपाय: त्यांच्या परवानगीने त्यांच्या बाल्कनीतल्या जाळीचं तोंड बंद करून दोन इंच रंगीत पाणी एक दिवस साठवून ठेवा. तुमच्याकडे रंग उतरला की वाद संपतो.

मग एक रुपयाचं नाणं घ्या आणि आतल्या गिलाव्यावर ठोकत जा. भरीव भिंत टकटक वाजते, सुटलेला गिलावा डबडब वाजतो. जिथे आवाज पोकळ येतो तिथे खडूने घेर काढा. तेवढा गिलावा विटेपर्यंत काढायचा, नुसता खरवडून पुट्टी भरायची नाही. पण त्याआधी बाहेरच्या भेगा भरल्या पाहिजेत. बाहेरची भिंत ही सोसायटीची जबाबदारी आहे, म्हणून लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. परांची बांधून किंवा दोरावरून भेगा उघडून पॉलिमर मॉर्टरने भरणं आणि वर बाहेरचा जलरोधक रंग, हे जूनच्या आधी झालंच पाहिजे. आतून कितीही महागडं रसायन लावलं तरी बाहेरून येणारं पाणी भिंतीत साठतच राहतं आणि दुसरीकडून वाट काढतं.

म्हणजे तुमचं गणपतीचं गणित थोडं हलवावं लागेल. आतला नवा गिलावा मेमध्ये होईल. ती एक भिंत नुसत्या गिलाव्यावर ठेवा, एक पूर्ण पावसाळा तिला जाऊ द्या. सप्टेंबरात ती कोरडी राहिली, तर दिवाळीच्या आधी तिला पुट्टी, प्रायमर आणि रंग. गणपतीत तिथे छान साडी किंवा पडदा सोडा. बाकीचं घर तोवर रंगवून झालेलं असेल. मात्र ऐन जुलैत कुणी लाकडाला पॉलिश करायला आला तर थांबवा. दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं आणि ते दर वेळी पुसून जात नाही.

पैशांची वाटणी मी असते तर अशी केली असती: बाथरूम, संडास, पाइप, वायरिंग आणि ती भिंत यांना मिळून पावणेतीन लाख. स्वयंपाकघराला पावणेदोन. कपाटं, दिवाण, मुलीचं टेबल यांना दीड. रंगाला चाळीस हजार. आणि साठ हजार कुणालाही न सांगता बाजूला. जुनं घर फोडलं की आत काहीतरी निघतंच, गंजलेला पाइप, सडलेली चौकट किंवा वाळवी. ते साठ हजार त्यासाठी. तुम्हाला वाटेल की दिसणाऱ्या गोष्टींना फारच कमी उरलं. पण भिंतीच्या आत जे जातं ते पुढची पंधरा-वीस वर्षं पुन्हा उघडता येत नाही. पडदे, रंग, दिवे दर दिवाळीला थोडे थोडे बदलता येतात.

बाथरूमवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण जुन्या घरांची निम्मी दुखणी तिथून निघतात. त्या काळच्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप असतात. नळाला धार बारीक येते ती नेहमीच टाकीमुळे नाही, पाइप आतून गंजून अर्धा बुजलेला असतो. सगळे बदला, गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं प्लास्टिक). टाइल्स लावण्याआधी प्लंबरला पाइपांची दाबचाचणी करायला लावा आणि ती होताना तुम्ही किंवा तुमचे यजमान समोर उभे राहा. जुनी फरशी, खालचा विटांचा भराव हे सगळं स्लॅबपर्यंत काढून टाकायचं. भराव परत करताना हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरायला सांगा, तेवढंच ओझं कमी. स्लॅब आणि भिंत जिथे मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती नीट भरणी, मग जलरोधक थर दोनदा, पहिला आडवा तर दुसरा उभा. हा थर भिंतीवरही किमान फूटभर चढला पाहिजे आणि आंघोळीच्या जागी डोक्याइतका.

मग ट्रॅपला बोळा मारून पाणी भरायचं. मी स्वतः भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारते, शेजारी तारीख-वेळ लिहिते आणि दाराला कुलूप लावून किल्ली घेऊन जाते. अठ्ठेचाळीस तासांनी येऊन बघायचं. केसभर खाली आलं असेल तर ते हवेत उडालं, बोटभर खाली आलं असेल तर कुठेतरी मुरलं. मग खालच्यांच्या घरी जाऊन त्यांचं छत हाताने चाचपून बघायचं. एकदा असंच खालच्या आजींच्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढून मी छताला तळहात लावला, कोरडं होतं, आणि आजींनी समाधानाने चहा टाकला. त्यांच्या डोक्यावर चार वर्षं टिपटिप चाललेली होती. हे दोन दिवस कॉन्ट्रॅक्टरला नको असतात, त्याची माणसं रिकामी बसतात. पण टाइल्स लागल्यावर गळती सापडली तर तोडफोड तुमच्या पैशांनी होते.

सासऱ्यांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा कमोड घ्याच, पण भिंतीला धरायचा दांडा आत्ताच ठरवा. दांडा नुसत्या टाइलवर स्क्रूने टिकत नाही, मागे भक्कम वीट किंवा काँक्रीट हवं. जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, त्यांना स्वतःला बसवून, हात कुठे जातो ते बघून खूण करा. फरशी मॅट, एक बाय एक फुटापेक्षा मोठी नको, कारण लहान टाइलला ढाळ नीट देता येतो आणि जास्त दरजा म्हणजे पायाला जास्त पकड. ढाळ दर चार फुटांना निदान अर्धा इंच. दाराच्या उंबऱ्याला अडखळणार नाहीत इतकाच चढ. आणि संडासातही रात्री लागणारा एक मंद दिवा.

विजेचं ऐका. अजून चिनीमातीचे जुने किटकॅट फ्यूज असतील तर सगळं वायरिंग नवं करा, अर्धं नवं अर्धं जुनं असं करू नका. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगना अडीचची, एसीला आणि गीझरला चारची, दोघांनाही स्वतंत्र. अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या, जुन्या घरांत तिसऱ्या भोकात तार नसलेले प्लग मी कितीतरी पाहिलेत. बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, हवाच. ओल्या हाताने कुणी गीझरच्या बटणाला लागलं तर जीव वाचवणारी वस्तू तीच आहे. महावितरणच्या बिलावर तुमचा मंजूर भार छापलेला असतो, एसी घेणार असाल तर तो आधी वाढवून घ्या. झिऱ्या (वायरीसाठी भिंतीत खाचा) मारताना कॉलम-बीमला छिन्नी लागता कामा नये आणि भिंतीत लांब आडवी झिरी नको. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तो फोटो फार कामाला येतो.

मॉड्युलर किचनचं मी तुम्हाला सरळ सांगते. तुमच्या स्वयंपाकघरात दिवसातून तीनदा चूल पेटते, भांडी ओट्यावरच घासली जातात, पाणी सांडतं. तिथे खाली प्लायची किंवा एमडीएफची खोकी नकोत. आपल्याकडचा जुना प्रकारच उत्तम आहे: कडप्प्याच्या उभ्या फळ्या, वर काळा ग्रॅनाइट, आत स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून फक्त शटर. दिसतं तसंच छान, खर्च कमी आणि पाण्याने फुगायला आत काही नाही. सिंकखाली तर काहीच बंद करू नका. शटर लावायचंच असेल तर जाळीचं, म्हणजे हवा खेळते आणि झुरळं कमी होतात. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्या, ओट्यावरचं पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकतं, शटरवर ओघळत नाही. जिथे प्लाय वापराल तिथे आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या, आणि तो तक्त्यावर बघा, बिलावर नाही.

ओट्याची उंची हा प्रकार कुणी मापूनच घेत नाही, सरसकट ३४ इंच करून मोकळे होतात. तुमच्याकडे पोळ्या सासूबाई करतात असं लिहिलंय. त्यांना स्वयंपाकघरात उभं करा, एका पाटावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवा, वर पोळपाट, आणि खरोखरची एक पोळी लाटायला सांगा. खांदे वर चढत असतील तर गठ्ठा कमी करा, कमरेत वाकत असतील तर वाढवा. हात आरामात चालला की जमिनीपासून मोजा. बहुतेकींचं माप कोपरापासून चार ते सहा इंच खाली येतं. एका घरात आजींचं तीस इंच निघालं आणि सुनेचं साडेतेहतीस. आम्ही ओटा सुनेच्या मापाने केला आणि खिडकीकडे दोन फूट रुंदीचा तुकडा तीस इंचांवर ठेवला, पोळ्या लाटायला. आजी तिथेच उभ्या राहून मटारही सोलतात. तुमच्याकडेही हे करता येईल. वरच्या कपाटांचा शेवटचा कप्पा सासूबाईंच्या हाताला येत नसेल तर तिथे दिवाळीची भांडी जातील, रोजचं मीठ-तिखट नाही. चिमणी घ्याल तर धूर पाइपने बाहेर सोडणारीच घ्या. पाइपचा गॅस असेल तर त्याची नळी कपाटात बंद करू नका.

पाण्याबद्दल एक इशारा. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं, म्हणून बरेच जण माळ्यावर टाकी बसवतात. पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो, वर टाकीचं वजन वेगळं. ती भिंतींच्या आणि बीमच्या आधाराने बसवायची, माळ्याच्या मध्यावर पातळ स्लॅबवर नाही. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच करा.

मोझेकवर टाइल्स लावू नका. मी हे अगदी कळकळीने सांगते. तुमच्या पिढीला मोझेक जुनाट वाटतो, पण त्यातली संगमरवराची खडी अजून तशीच्या तशी आहे. फक्त वरचा थर मळला आहे. मशीनने घासून, दरजा आणि भोकं भरून, डायमंड पॉलिश करून बघा. गेल्या वर्षी एका घरात पहिला चार फुटांचा चौकोन घासून झाला आणि पाण्याखालून हिरवी-पांढरी-गुलाबी खडी वर आली, तेव्हा घरातले आजोबा खुर्ची ओढून तिथेच बसले. १९८४ साली त्यांनीच ते नमुने निवडले होते. टाइलवर टाइल लावली तर जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात, बाथरूमच्या उंबऱ्याचा हिशोब चुकतो आणि जुन्या स्लॅबवर फुकटचं ओझं येतं. वर चकचकीत टाइल पावसाळ्यात घामेजते आणि सासऱ्यांना घसरायला होईल. तडा गेलेल्या दोन-चार लाद्या असतील तर पलंगाखालच्या काढून तिथे बसवा आणि पलंगाखाली साधी लादी लावा. पॉलिशचा चिखल घरभर उडतो, म्हणून हे रंगाच्या आधी.

फॉल्स सीलिंगही नको. नऊ फुटांच्या खोलीत सहा-आठ इंच खाली आलात की पंखा डोक्यावर येतो, खोली बुटकी दिसते आणि वरून पाणी उतरलं तर कळायलाही उशीर होतो. तुम्हाला खरं हवंय ते सीलिंग नाही, त्यातून येणारा मऊ उजेड. तो भिंतीवरच्या दिव्यांनीही येतो. हॉलमध्ये एकच पांढरीफटक ट्यूब असते म्हणून घर दवाखान्यासारखं वाटतं. बसायच्या जागी तीन हजार केल्विनचे पिवळसर दिवे, ओट्यावर आणि मुलीच्या टेबलावर चार हजारचे, आणि प्रत्येकाला वेगळं बटण. साडेसहा हजारचे दिवे घरातून काढूनच टाका. खिडकी बदलणार असाल तर हेही लक्षात घ्या, की दोन फळ्यांची सरकती खिडकी कितीही मोठी केली तरी उघडते अर्धीच. हवा हवी असेल तर बिजागरीची, पूर्ण उघडणारी घ्या. ग्रिलमध्ये एक भाग कुलपाने उघडणारा ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला.

टीव्ही युनिट. तुमच्या हॉलमध्ये रात्री तीन माणसं झोपतात आणि संध्याकाळी एक मूल अभ्यास करतं. तिथे आठ फुटांचं, शोभेच्या खणांचं युनिट म्हणजे धूळ पुसायची जागा. टीव्ही बेडरूममध्ये न्या. बातम्या सासरे बघतात, मालिका सासूबाई, दोघंही तिथेच असतात. ज्यांना बघायचंय ते तिकडे जाऊन बसतील. मग हॉलच्या त्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत सलग कपाट करा, खोली फक्त अठरा इंच, रंग भिंतीचाच, मुठीशिवाय. तिघांच्या गाद्या, चादरी, दप्तर, इस्त्रीचं टेबल, सगळं आत. मधला तीन फुटांचा भाग उघडा ठेवा आणि तिथे कमरेइतका भक्कम कट्टा करा. तोच तुमचा गणपती बसायचा कट्टा. दिव्याचा पॉइंट तिथे आत्ताच काढून घ्या, दर वर्षी घरभर वायर ओढावी लागणार नाही. सोफा-कम-बेडऐवजी दोन दिवाण करा, एकाखाली चाकांवरचा दुसरा सरकणारा. रोज रात्री सोफ्याचा सांगाडा उघडणं दोन महिन्यांत नकोसं होतं आणि त्याची गादी पाठीला धड नसते.

तुमच्या यादीत गोदरेजचं कपाट "काढून टाकायचं" असं आहे. का? चाळीस वर्षं टिकलेलं पोलादी कपाट, ना वाळवी, ना ओल. कुलूप दुरुस्त करा, गॅरेजमध्ये स्प्रे मारून घ्या, गडद हिरवं किंवा हळदीसारखं पिवळं, आणि बेडरूमच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी फळ्या बांधून बसवा. सासूबाईंनाही विचारून बघा. आपल्या लग्नातलं कपाट भंगारात जाताना बघणं सोपं नसतं.

कपडे वाळत घालणं कुणाच्याच आराखड्यात नसतं आणि पावसाळ्यात पाच माणसांचे कपडे हॉलच्या पंख्याखाली लोंबत राहतात. तुमच्या संडास-बाथरूमसमोरच्या पॅसेजमध्ये छताला दोरी-कप्पीचे पाइप लावा आणि भिंतीवर एक छोटा पंखा. छत नऊ फुटांचं असल्याने खालून माणूस सहज जातो. हॉल मोकळा राहतो, आणि भिंतींना आतून दमटपणाही कमी लागतो.

कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना अंदाजपत्रकात प्रत्येक वस्तूचं माप, जाडी आणि आतला-बाहेरचा माल लिहून घ्या. "कपाट, चौरस फुटाला इतके" एवढंच असेल तर त्यात मागची फळी, आतले कप्पे आणि माळा धरलाय का ते विचारा. जीएसटी आत की बाहेर, डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) उचलून नेणं कुणाकडे, तेही. पैसे टप्प्यांनी द्या आणि बाथरूमचा टप्पा त्या अठ्ठेचाळीस तासांच्या चाचणीनंतरचाच ठेवा. शेवटचे दहा टक्के घर झाल्यावर पंधरा दिवसांनी. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही.

आणि मुलगी. बंद केलेली बाल्कनी तिला द्या. साडेतीन फूट रुंदी टेबलाला पुरते, दोन फूट खोलीची फळी, जमिनीपासून २९ इंच. पण हॉल मोठा करायला मधली भिंत पाडू नका आणि बाल्कनीत पुस्तकांचं भरगच्च कपाट, मोठ्या कुंड्या, पाण्याचं पिंप असं जड काही ठेवू नका. ती स्लॅब पुढे लटकलेली आहे, तिचा आधार मागेच आहे. पुस्तकं हॉलच्या कपाटात. ऊन थेट येत असेल तर वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा. टेबल सुताराकडून करून घेण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्राने त्याचं माप मांडा, खुर्ची ठेवा आणि संध्याकाळी पाच वाजता तिला तिथे बसवा. उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून आला पाहिजे, नाहीतर टेबल फिरवा. प्लग तिच्या हाताला येतो का बघा. आणि तिथल्या भिंतीचा रंग तिला निवडू द्या, तो तुम्हाला आवडला नाही तरी.